सब ठीक, साहेब

सर्जेराव मोहित्यांना सगळं जमायचं, फक्त खाली बसणं जमायचं नाही. साताऱ्यात जुन्या सैनिक आरामगृहाच्या पाठीमागं एक लांबट खोली होती, पूर्वी तिथं कँटीनचं गोडाऊन होतं. आता तिथं माजी सैनिकांसाठी फोनवरचं मदत केंद्र होतं. फौजेतनं घरी आलेला माणूस, ज्याच्या डोक्यात अजून गोळीबार चाललाय, नाहीतर ज्याला सकाळी उठून करायला काही उरलेलं नाही, नाहीतर ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करून घ्यायचं येतंय, त्यानं इथं फोन लावायचा. फोन घ्यायला शिकलेली पोरं-पोरी होती. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर सुपरवायझर म्हणून निवृत्त सुभेदार सर्जेराव मोहिते. हातात चहाचा कप घेऊन खुर्च्यांच्या मागनं फेऱ्या मारायचे, चौकीवर राउंड मारावा तसे. चहा गार व्हायचा, माणूस बसायचा नाही.

केंद्र नवीन होतं तेव्हा भलतीच पंचाईत झाली होती. पोरं कॉलेजात शिकून आलेली. फोन आला की मऊ आवाजात विचारायची, "काका, आतून कसं वाटतंय तुम्हाला?" आता ज्यानं उमेदीची वर्षं हुकमावर काढली, त्याला आतून कसं वाटतंय हे कुणी कधी विचारलंय? एक हवालदार म्हणाला, "आतून म्हंजे? सकाळी मिसळ खाल्लीया, जळजळतंय जरा." दुसरा म्हणाला, "राँग नंबर लागला वाटतं," आणि ठेवून दिला.

शेवटी एक दिवस सर्जेरावांनी शबाना मुल्लाच्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. शबाना कराडची, मानसशास्त्र शिकलेली, खोलीतली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तोंडाळ पोरगी. ती "अहो साहेब, अहो" म्हणतेय तोवर सर्जेराव माइकमध्ये गरजले, "राम राम! सुभेदार मोहिते बोलतोय. रिपोर्ट दे!"

पलीकडनं खाडकन उत्तर आलं, "राम राम साहेब!" गड्यानं आधी स्वतःचा नंबर सांगितला, मग पलटण, मग घर, शेत, गुडघेदुखी, सगळं सांगितलं. फोन ठेवताना म्हणाला, "लई बरं वाटलं साहेब. किती दिवसांनी कुणीतरी रिपोर्ट मागितला."

त्या दिवसापासनं केंद्रात नियम झाला. फोन उचलला की पहिलं वाक्य एकच, मग ते पोरगं म्हणो की पोरगी: "राम राम. रिपोर्ट द्या."

"साहेब, हे समुपदेशन नाही, परेड आहे," शबाना म्हणाली होती.

"परेड तर परेड. बोलतायत ना? तुझ्या पुस्तकातल्या प्रश्नाला मिसळ सांगत होते."

शबाना हसली होती, आणि खरं सांगायचं तर तिनंही मान्य केलं होतं.

मग आला कानोसा.

कानोसा हे यंत्राचं नाव. यंत्र म्हणजे दिसायला काही नाही, पडद्यावर प्रत्येक फोनच्या पुढं एक दिवा. डॉक्टर सुनेत्रा बापट नावाच्या पुण्याच्या बाईंनी तो बनवला होता. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून समजावलं, आणि तेही असं, की चहा द्यायला आलेला माणूससुद्धा थांबून ऐकत राहिला.

"गळ्यात दोन पातळ पट्ट्या असतात," बाई म्हणाल्या. "आपण बोलतो तेव्हा त्या थरथरतात. माणूस घाबरला, खचला, की गळ्याचे स्नायू आखडतात आणि त्या थरथरीत एक बारीक डगमग येते. श्वास आखूड होतो. दोन शब्दांच्या मधली जागा वाढते. आपल्या कानाला हे कळत नाही, कारण आपण शब्द ऐकत बसतो. कानोसा शब्द ऐकतच नाही. तो फक्त आवाज ऐकतो. माणूस तोंडानं काहीही म्हणो, गळा खोटं बोलत नाही."

हजारो फोन ऐकवून त्यांनी कानोशाला शिकवलं होतं. आवाज ठीक असला की हिरवा. जरा काळजी असली की पिवळा. आणि तांबडा झाला की फोन सोडायचा नाही, आणि तिकडं त्या माणसाच्या गावच्या ॲम्ब्युलन्सला परस्पर निरोप जायचा.

आणि गंमत बघा. जिथं जिथं "रिपोर्ट द्या" म्हटलं जायचं, तिथं दिवा पटकन हिरवा व्हायचा. दुसऱ्या राज्यातल्या केंद्रांत मऊ आवाजात बोलायचे, तिथं नुसते पिवळे आणि तांबडे. साताऱ्यात हिरवंगार. ही बातमी वर गेली. वरनं दिल्लीला गेली. तिथल्या कागदांवर त्याला नाव पडलं, मोहिते पद्धत. ती देशभर लावायची ठरली. पडद्यावर बैठक होणार, दिल्लीचे कर्नल साहेब स्वतः सर्जेरावांशी बोलणार.

सर्जेरावांच्या बायकोनं कपाटातनं कोट काढून उन्हात टाकला. "आता पद्धत मोहित्यांची म्हटल्यावर कोट तरी इस्त्रीचा पाहिजे," ती म्हणाली. सर्जेरावांनी हसू मिशीत दाबलं. पण कोट त्यांनी स्वतः दोनदा झटकला.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी खोलीत नुसती धांदल होती. दिल्लीला दाखवायचं म्हणून पडदे पुसणं चाललं होतं, खुर्च्या रांगेत लावणं चाललं होतं. थांबलेले फोन पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकत होते. तेवढ्यात शबानानं हात वर केला. सर्जेराव तिच्या मागं जाऊन उभे राहिले.

"साहेब, हा माणूस मला बरा वाटत नाही," ती माइक झाकून म्हणाली.

सर्जेरावांनी पडद्याकडं बघितलं. दिवा हिरवा. शेजारी नाव, नाईक आनंदा शेडगे. त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हा तर आमच्या कंपनीतला! आनंदा! माणूस नव्हे, लोखंड आहे नुसतं."

आणि उभ्या उभ्या त्यांनी तिला ती गोष्ट सांगितली, जी ते लग्नाकार्यातही सांगायचे. वर बर्फातल्या चौकीवर आनंदा पहाऱ्यावर होता. सर्जेराव राउंडला गेले, विचारलं, "रिपोर्ट?" आनंदा ताठ उभा राहून म्हणाला, "सब ठीक, साहेब." पहाऱ्यावरच्या जवानाचं उत्तर तेच असतं. सकाळी बूट काढला तर पायाची बोटं काळी पडलेली. दोन बोटं कापावी लागली. सर्जेरावांनी सगळ्या कंपनीसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली होती, "ह्याला म्हणतात जवान. बोटं गेली, पण रिपोर्ट हलला नाही."

"पण साहेब, सुरुवातीला काहीतरी वेगळंच बोलत होते..."

"हिरवा आहे ना? मग सोड. माणसं थांबलीत मागं."

"तुम्ही बोलता का जरा? तुमचा माणूस आहे."

सर्जेरावांनी हात पुढं केला होता. खरंच केला होता. पण तेवढ्यात दारात कुणीतरी ओरडलं, दिल्लीची लाइन तपासायचीय, साहेबांना बोलावतायत. ते म्हणाले, "माझा रामराम सांग त्याला. उद्या निवांत बोलतो." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून केंद्रात आले तर शबाना दारातच उभी. तिचे डोळे सुजलेले.

"आनंदा शेडगे सरकारी दवाखान्यात आहेत साहेब. काल फोन ठेवला आणि कॅनॉलवर गेले. धुणं धुणाऱ्या बायकांनी बघितलं, आरडाओरडा केला, म्हणून वाचले."

बैठक दुपारी होती. ते तसेच मागं फिरले, आणि शबाना त्यांच्या मागं.

दवाखान्यात आनंदाच्या खाटेशी त्याची बायको सिंधू बसली होती. आनंदा छताकडं बघत पडला होता, दाढी वाढलेली, नाकाला नळी. सर्जेरावांची चाहूल लागली आणि त्यानं मान वळवली. मग एक गोष्ट झाली, जी सर्जेरावांना शेवटपर्यंत विसरता आली नाही. चादरीच्या खाली आनंदाचे दोन्ही पाय सरळ झाले. टाचा जुळल्या. हात मांड्यांना चिकटले. गडी खाटेवर पडल्या पडल्या सावधान झाला.

"आनंदा," सर्जेराव म्हणाले. तोंडातनं सवयीनं जे यायचं तेच आलं. "काय रं? कसा काय रिपोर्ट?"

"सब ठीक, साहेब."

आवाज खणखणीत. चौकीवरचाच.

सिंधू उठली. तिनं पदर खोचला आणि ती सर्जेरावांच्या समोर येऊन उभी राहिली. बाई बुटकी, पण सर्जेराव एक पाऊल मागं सरकले.

"भाऊजी, राग मानू नगा. तुमी भाईर जावा."

"वहिनी, मी नुसतं..."

"तुमी हितं हाय तवर ह्ये बोलायचं न्हाईत. सकाळधरनं तोंड उघडाय लागलं हुतं. तुमी आला, बघा, लाकूड झालं."

सर्जेराव बाहेर आले. शबाना आत राहिली. दाराला नुसता हिरवा पडदा होता. त्यांना निघून जाता येईना. कोट घातलेला माणूस, मिशी पीळदार, आणि चोरासारखा दवाखान्याच्या पडद्याला कान लावून उभा. आयाबाया बघत जात होत्या.

आतनं शबानाचा आवाज, "काका, काल तुम्ही मला काहीतरी सांगायला लागला होता."

मग एक आवाज आला. सर्जेरावांना आधी वाटलं शेजारच्या खाटेवरचं कुणी बोलतंय. इतका पातळ, ओला आवाज.

"सांगणार हुतो ताई. एटीएमवर वॉचमन हुतो, तितं आता कॅमेराच समदं बघतो. घरात नुसता बसतो. पोरगं माझ्यासमोर हळू बोलतंय, जणू मी आजारी हाय. मी घरात जास्तीचा झालोय. त्ये सांगायलाच फोन लावला. पन तुमी रिपोर्ट मागितला."

"म्हणून बोलला नाहीत?"

"ताई, रिपोर्टात कुनी रडतं का?"

सर्जेरावांनी पडदा सोडला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन ते खाली बसले. उभ्या जन्मात जे जमलं नव्हतं ते तिथं जमलं. इस्त्रीच्या कोटासकट, धुळीत.

केंद्रात परत आले तेव्हा बापट बाई बैठकीसाठी पुण्याहून येऊन बसल्या होत्या. सर्जेराव म्हणाले, "बाई, कालचा आनंदाचा फोन ऐकवा. पहिल्यापासनं. दिवा लागायच्या आधीपासनं."

बाईंनी लावला. आधी नुसता श्वास. मग आनंदा: "हॅलो, मी घरात..." लगेच वरनं शबानाचा आवाज, नियमाप्रमाणं, "राम राम. रिपोर्ट द्या." आणि मग खाडकन बदललेला आनंदा: "राम राम मॅडम! नाईक आनंदा शेडगे. तब्येत ठीक, घर ठीक, सब ठीक."

शबानानं तोंडावर हात घेतला. "मीच अडवलं त्यांना. वाक्य पुरंसुद्धा होऊ दिलं नाही."

"तू नाही पोरी. नियम माझा होता."

बापट बाईंनी चष्मा काढला. "कानोसा सुरुवातीचा तुकडा टाकून देतो," त्या हळू म्हणाल्या. "माणूस खाकरतो, लाइन खरखरते, म्हणून मीच तसं ठेवलं होतं. रामराम झाल्यावर पुढचा आवाज तेवढा तो मोजतो."

"आणि रिपोर्ट देताना गळा?"

"रिपोर्ट देताना पोट आत, छाती बाहेर, श्वास पूर्ण भरलेला. वर्षानुवर्षं घोटलेलं. त्या आवाजात डगमग येतच नाही मोहिते साहेब. मी म्हटलं होतं गळा खोटं बोलत नाही. मला काय माहीत, फौजेनं गळ्यालाच ड्रिल शिकवलीय."

"टाकून दिलेला तुकडा मोजता येईल?"

"येईल. कच्चं उत्तर मिळेल, पण येईल."

"मोजा. सगळ्यांचा. कानोसा आल्यापासनं जे जे हिरवे झाले त्या सगळ्यांचा."

बाईंनी ॲम्ब्युलन्सचे निरोप तेवढे रोखून हुकूम दिला. पडद्यावर हिरव्या दिव्यांचं शेत पसरलं होतं. कोपऱ्यात एक तांबडा झाला. मग खाली एक. मग शेजारी दोन. मग सर्जेरावांच्या डोळ्यांदेखत, अंगणात मिरचीचं वाळवण कुणीतरी पसरत न्यावं तसा तांबडा रंग पडद्यावर पसरत गेला. सगळे नाही झाले. पुष्कळ हिरवेच राहिले. पण तांबड्यांतल्या काहींच्या नावापुढं आधीच बारीक काळी रेघ होती. म्हणजे तो माणूस आता नाही. त्यांच्या घरी केंद्रातनं फुलं गेली होती, आणि सगळे म्हणाले होते, आधी काहीच कळलं नाही हो, आवाज तर चांगला होता.

त्या रेघांकडं सर्जेराव बघत राहिले. त्यांनी एकेक नाव वाचलं. ओठ हलत होते.

"मोहिते साहेब," बापट बाई म्हणाल्या, "चूक माझ्या यंत्राचीही आहे. मी सुधारते. काही महिने लागतील. आज बैठकीत बोलायलाच पाहिजे असं नाही. आपण नंतर, नीट अहवाल करून..."

"बाई, आज जर मी हो म्हटलं तर उद्यापासनं देशभर रिपोर्ट मागतील. माझ्या नावानं."

दुपारी भिंतीवरचा मोठा पडदा लागला. कर्नल साहेब तरतरीत, हसतमुख. "आइए मोहिते, आपने तो कमाल कर दी," म्हणाले. मागं बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्जेराव सावधान उभे होते. कोटाला पायऱ्यांवरची धूळ तशीच.

"साहेब, ही पद्धत बंद करा," ते म्हणाले.

कर्नल साहेबांना वाटलं लाइन खराब आहे. "क्या कहा?"

"बंद करा साहेब. रिपोर्ट मागितला की आपला माणूस सब ठीक म्हणतो. चौकी जळत असली तरी म्हणतो. आपणच शिकवलंय. आणि यंत्र त्याला मान डोलावतं."

"मोहिते, आँकड़े तो अच्छे हैं."

"आकडे चांगलेच आहेत साहेब. माणूस दवाखान्यात आहे. आणि काही माणसं दवाखान्यातसुद्धा नाहीत."

कर्नल साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्यांनी विचारलं, "यह बात किसने पकड़ी?" सर्जेराव म्हणाले, "माझ्या पोरीनं. मी ऐकलं नाही." शबाना मागं खाली मान घालून उभी होती.

बैठक बारगळली. वरनं काय हुकूम येईल तो येईल. पण पडद्यावरचे तांबडे दिवे तसेच होते, आणि प्रत्येक दिव्यामागं कुठल्या तरी गावात एक माणूस बसलेला होता. सगळ्यांना परत फोन लावायचं ठरलं. पोरं-पोरी बसली. शबानानं सर्जेरावांकडं बघितलं. "साहेब, तुम्ही नका लावू," ती म्हणाली. तिला बोलायला जड जात होतं. "तुमचा आवाज ऐकला की सगळे..."

"सावधान होतील. माहीत आहे."

ते खोलीच्या कडेला जाऊन उभे राहिले. फोन चालू झाले. पोरं मऊ बोलत होती, धीर धरत होती, श्वास ऐकत होती. एक माणूस मात्र बोलायलाच तयार नव्हता. हवालदार दत्ताजी पिसाळ, कोरेगावकडचा. शबानानं लावला, त्यानं "बाईमाणसाशी काय बोलायचं" म्हणून ठेवला. दुसऱ्या पोरानं लावला, तर म्हणाला, "तुमचा साहेब कुठं हाय? त्याला द्या, नायतर ऱ्हाऊ द्या." त्याचा दिवा पडद्यावर सगळ्यात गडद.

शबानानं हेडफोन काढला आणि सर्जेरावांच्या पुढं धरला.

काल हाच हात पुढं झाला होता आणि मागं गेला होता. सर्जेरावांनी हेडफोन घेतला. खुर्ची ओढली. बसले.

"पिसाळ?"

"राम राम साहेब! हवालदार दत्ताजी पिसाळ! सब ठीक, साहेब!"

"अरे थांब की लेका. मी अजून काही विचारलंच नाही."

पलीकडं गोंधळ. "मंग? फोन कशापायी केलाय साहेब?"

"रिपोर्ट द्यायला."

"कुनी? मी?"

"नाही. मी. माझा रिपोर्ट तू घ्यायचा."

"साहेब, असं कसं? तुमी सुभेदार..."

"घे म्हणतोय ना." सर्जेरावांनी घसा साफ केला. पोट आत घ्यायची सवय झाली होती, ते त्यांनी मुद्दाम सैल सोडलं. आवाज कसा निघेल त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. "सुभेदार सर्जेराव मोहिते. माझ्या हातनं एक चूक झालीय पिसाळ. माझ्यामुळं माणसं बोलायची राहिली. काही कायमची राहिली. काल आपला आनंदा जाता जाता वाचला, त्याच्याशी दोन शब्द बोलायला मला वेळ झाला नाही. सकाळपासनं घास उतरला नाही. पुढं काय करायचं कळत नाही. ठीक नाही पिसाळ. काहीच ठीक नाही."

शबानाची नजर पडद्यावर होती. कानोशानं बदललेल्या हुकमाप्रमाणं पहिल्या श्वासापासनं मोजायला घेतलं होतं, आणि माणूस कुठला, केंद्रातला की गावातला, हे त्याला काय कळणार? सर्जेरावांच्या ओळीवरचा दिवा तांबडा झाला होता. तिनं हात पुढं करून तो झाकला, इतरांना दिसू नये म्हणून.

पलीकडं लांब कुठंतरी कोंबडा ओरडला, कुणीतरी बादली आपटली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पिसाळ उभा होता तो बसला असावा.

"साहेब," तो म्हणाला. आवाज बदलला होता. पातळ झाला होता. "साहेब, हे रिपोर्टात चालतं व्हय?"

"आजपासनं चालतं."

"मंग..." पिसाळचा श्वास अडखळला. "मंग माझा पयला खोटा हुता साहेब. तो खोडा."

सर्जेरावांनी डोळे मिटले.

"खोडला," ते म्हणाले. "बोल. मी बसलोय."